साडेचारशे रुपयांची विंडोज की, 'लाइफटाइम' लायसन आणि सहा महिने

हिशेबवही

नमस्कार मंडळी. धाग्याचं नाव वाचून हसणार आहात. हसून घ्या, पण मग मदत करा.

इचलकरंजीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. आम्ही चौघी आणि सहा मशीन: पाच लॅपटॉप, एक असेंबल केलेला डेस्कटॉप. लॅपटॉपवर विंडोज होम आलं होतं. घरून ऑफिसच्या मशीनवर काम करायचं तर रिमोट डेस्कटॉप लागतो आणि त्याला प्रो हवं, एवढं मला कुणीतरी सांगितलं. अपग्रेडची अधिकृत किंमत बघितली, सहाने गुणली आणि खिडकी बंद केली. मग एका ऑनलाइन बाजारात 'विंडोज प्रो, ओरिजिनल, लाइफटाइम' साडेचारशेला दिसलं. दिवाळी पाडव्याला सहा की, म्हणजे लायसनच्या किल्ल्या, घेतल्या, 2700 रुपये. विक्रेत्याचा माणूस फोनवर फार गोड बोलला, रिमोटवर आला, काळ्या खिडकीत काहीबाही टाइप केलं आणि प्रत्येक मशीनवर 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड'. मी खूश.

आता एप्रिल. मार्चअखेरचा धुरळा जेमतेम खाली बसतोय आणि काल सहाही मशीनवर एकदमच पाटी आली की तुमचं लायसन लवकरच संपणार आहे. विक्रेत्याचा फोन बंद. लाइफटाइम म्हणजे नक्की कुणाचं लाइफ?

चहाटळ

विक्रेत्याच्या सिमकार्डाचं.

खटपट्या

ताई, एक काम करा. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा: एसएलएमजीआर, स्पेस, तिरकी रेघ, डीएलव्ही. सगळं रोमनमध्ये, लहान अक्षरांत. एक लांबलचक चौकट येईल. त्यात 'चॅनेल' हा शब्द कुठे दिसतो, त्याच्या आधी काय लिहिलंय आणि तळाशी किती मिनिटं उरलीत ते इथे सांगा. मिनिटं दिसली तर मला उत्तर आत्ताच माहीत आहे, पण आधी बघू.

हिशेबवही

'व्हॉल्यूम केएमएसक्लायंट चॅनेल' असं आहे. खाली 12960 मिनिटं, कंसात 9 दिवस. शिवाय 'केएमएस मशीन नेम' म्हणून एका वेबसाइटचं नाव आहे, ती उघडत नाही. सहाही मशीनवर हेच.

खटपट्या

मग ऐका.

मोठ्या कंपनीत किंवा विद्यापीठात दोन हजार मशीन असतात. प्रत्येकावर वेगळी की टाइप करत बसायला माणूस कुठून आणणार? म्हणून मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची सोय केली. संस्थेच्या आत एक सर्व्हर बसवायचा, त्याला खरी की घालायची आणि बाकीच्या मशीननी त्याला विचारायचं, 'मालक, मी तुमचाच ना?' किमान 25 विंडोज मशीननी विचारल्याशिवाय तो कुणालाच होकार देत नाही, कारण ही सोय मोठ्या घरांसाठी आहे. होकार मिळाला की तो 180 दिवस चालतो. पण मशीन 180 दिवस थांबत नाही, दर सात दिवसांनी पुन्हा विचारतं आणि उत्तर आलं की घड्याळ परत 180 वर जातं. विद्यार्थी लॅपटॉप घेऊन कॉलेज सोडून गेला की सहा महिन्यांत त्याचं विंडोज आपोआप रुसतं. कल्पना चांगली आहे.

आता तुमचा हिशेब. 180 दिवस म्हणजे 259200 मिनिटं. उरली 12960. म्हणजे शेवटचा होकार 171 दिवसांपूर्वीचा. कॅलेंडर काढून मागे मोजा.

हिशेबवही

मोजलं. पाडवाच.

खटपट्या

म्हणजे पहिला होकार तोच शेवटचा. आठवड्याने तुमच्या मशीननी पुन्हा दार ठोठावलं तेव्हा आत कुणी नव्हतं. त्या माणसाने इंटरनेटवर कुठेतरी नकली केएमएस सर्व्हर उभा केला होता, तुमची सहाही मशीन त्याच्याकडे वळवली आणि पैसे जमा झाल्यावर दुकान उचललं.

आणखी एक कडू गोष्ट. ईमेलमध्ये आलेल्या सहा की एकमेकींशी ताडून पाहिल्यात का?

हिशेबवही

आत्ता पाहिल्या. सहाही एकच आहेत. वेगवेगळ्या सहा ईमेलमध्ये, प्रत्येकात 'युवर युनिक की' असं ठळक अक्षरांत. मी दिवसभर लोकांच्या इनव्हॉइस नंबरांतले घोळ शोधून काढते आणि मला हे दिसलं नाही.

खटपट्या

ती की चोरलेलीसुद्धा नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतपानावर ती उघड छापलेली आहे, कुणीही वाचावी. केएमएसच्या ग्राहक मशीनवर घालायची ती सर्वसाधारण की, तिच्यात हक्क काहीच नसतो. मांडवाच्या दाराशी 'भोजनव्यवस्था इकडे' अशी पाटी असते ना, तेवढंच तिचं काम. पाटी आमंत्रण नव्हे. तुम्ही पाटीचे 450 रुपये दिलेत, सहा वेळा.

रानवारा

एवढा बाऊ कशाला? मुदत संपली तरी मशीन बंद पडत नाही. कोपऱ्यात पाटी येते, वॉलपेपर बदलता येत नाही, बस्स. नाहीतर एखादं ॲक्टिव्हेटर, म्हणजे की नसताना विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारा प्रोग्राम, उतरवून घ्या. मी दहा वर्षं फुकट वापरतोय.

खटपट्या

रानवारा, तुमच्या मशीनवर तुमचे फोटो असतील. यांच्या मशीनवर शंभर लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आणि जीएसटीचे पासवर्ड आहेत. 2021 च्या डिसेंबरात रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवलं होतं की केएमएसपिको या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये क्रिप्टबॉट बसवलेलं होतं. ते ब्राउझरमधली माहिती आणि क्रिप्टो वॉलेट चोरतं. असलं काही चालवायचं तर अँटीव्हायरस आधी बंद करा असं सांगतात आणि लोक करतात. चोराला किल्ली देऊन वर कुत्रा बांधून ठेवायचा.

ताई, लायसनपेक्षा मला हीच काळजी जास्त आहे. तो माणूस सहा मशीनवर ॲडमिन म्हणून आत होता. त्याने आणखी काय ठेवलंय हे कुणी सांगू शकत नाही. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड आजच बदला, बँकेचे आधी. डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या, 'एक्सक्लूजन' यादीत (यातलं तपासू नको अशी यादी) काही असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. पुढचं डेटाचा बॅकअप आणि कोरं विंडोज.

हिशेबवही

एक्सक्लूजनमध्ये एक फोल्डर आहे. माझे हात गार पडले.

वकिलीणबाई

फोल्डर उडवू नका. फोटो, ईमेल, पैसे भरल्याची पावती, चॅट सगळं जपून ठेवा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ऑनलाइन बाजारालाही लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता देणं त्यांना बंधनकारक आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही. ऑफिससाठी घेतलं म्हणून समोरचा 'व्यापारी हेतू' असा आक्षेप घेईल, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे.

तुम्ही विचारलं नाहीत तरी पोटात गोळा असेलच, म्हणून सांगते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब मध्ये सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे. पण त्या कलमातला कळीचा शब्द 'जाणूनबुजून' हा आहे. पाडव्याला तुम्हाला माहीत नव्हतं. हा धागा वाचल्यावर माहीत आहे. तेव्हा नऊ दिवस वाट बघत बसू नका.

म्युनिककर

थोडं वेगळं सांगतो. स्वस्त की म्हणजे चोरीचीच, असं सरसकट नाही. 3 जुलै 2012 ला युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात निकाल दिला की कायमस्वरूपी लायसन पूर्ण पैसे देऊन घेतलं असेल, तर डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरसुद्धा पुढे विकता येतं, जुन्या पुस्तकासारखं. अट एवढीच की विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे आणि पंचवीस जणांचं लायसन फोडून दहा जणांचं विकता येत नाही. त्यामुळे इथे जर्मनीत जुन्या लायसनचा खराखुरा, पावतीसह धंदा चालतो. मी स्वतः घेतलंय.

खटपट्या

पावतीसह, हाच तर मुद्दा. इथे जे चारशे-पाचशेला मिळतं ते कुठून येतं? काही विद्यार्थ्यांच्या योजनेतलं, काही एखाद्या कंपनीच्या अनेकदा चालणाऱ्या कीचं फुटलेलं, काही भंगारातल्या मशीनवरच्या स्टिकरवरून टिपलेलं, काही चोरीच्या कार्डावर घेतलेलं. यांतल्या बऱ्याच की चालतात. सर्व्हर 'हो' म्हणतो. पण सर्व्हरने हो म्हटलं म्हणजे तुम्हाला हक्क मिळाला असं नाही, त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही एवढंच. हरकत आली की ती किल्ली यादीतून बाद. हे नवं नाही. विंडोज एक्सपीची एक कॉर्पोरेट की 2001 साली ते विंडोज बाजारात यायच्या आधीच फुटली होती आणि निम्म्या जगाने तीच टाइप केली. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक 1 आला त्यात तिला दार बंद.

बोरूबहाद्दर

तुमच्या या अदृश्य की बघून मला आमचं 'लॉक' आठवलं.

नव्वदच्या दशकात माझं डीटीपीचं दुकान होतं. मराठी टायपिंगचं पॅकेज घेतलं की फ्लॉपींबरोबर काडेपेटीएवढी एक ठोकळी मिळायची. ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायची आणि तिच्या पाठीला प्रिंटरची केबल. ठोकळी असेल तर मराठी उमटणार, नसेल तर नाही. आम्ही तिला लॉक म्हणायचो, डोंगल हा शब्द नंतर आला. लग्नसराईत रात्री मी ते काढून खिशात घालून घरी न्यायचो, कारण संगणक चोरीला गेला तर दुसरा येईल, लॉक गेलं तर पत्रिका छापायच्या कशा? एकदा झाडलोट करताना पोराने मशीन सरकवलं, लॉक निसटून रद्दीच्या पोत्यात गेलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस, दोन्ही पॅनेलची पत्रकं माझ्याकडेच. रात्री अकरा वाजता दोन्ही पॅनेलचे कार्यकर्ते रद्दीवाल्याच्या गोदामात बॅटऱ्या घेऊन एकत्र शोधत होते. गावात तेवढी एकी नंतर दिसली नाही.

सापडलं. पण सांगायचं हे की ते हातात धरता यायचं. माझं आहे हे कळायचं. पुढे नव्या मशीनना ते पोर्टच येईनासं झालं ही गोष्ट वेगळी.

चहाटळ

प्रतिसाद वाचून घरातलं जुनं प्रिंटर पोर्ट ओलं झालं.

दुधखुळा

उशिरा आलो, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे म्हणून जरा लांब लिहितो. मी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर विकतो. फॅट, एसएनएफ, दरतक्ता, दहा दिवसांचं बिल. मी की विकत घेत नाही, बनवतो.

माझी पहिली आवृत्ती अगदी भोळी होती. कीमधल्या अंकांचं एक गणित जमलं की सॉफ्टवेअर उघडायचं. यात मी एकटा नाही. विंडोज 95 च्या सीडीच्या किल्लीत शेवटच्या सात अंकांची बेरीज सातने भागली गेली की काम व्हायचं. सात एक्के मारले तरी बेरीज सात. 111-1111111 हे टाइप करून लोकांनी वर्षानुवर्षं विंडोज चढवलं. असलं गणित टायपिंगची चूक पकडायला उत्तम. आधारचा शेवटचा अंक असाच असतो, व्हरहूफच्या पद्धतीने काढलेला. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर लगेच कळतं. पण ते गणित ज्याला ठाऊक तो कितीही नंबर बनवू शकतो. माझं गणित प्रोग्रामच्या आतच होतं. सहा महिन्यांत तालुक्याच्या ठिकाणी एक झेरॉक्सवाला माझ्या की पन्नास रुपयांना द्यायला लागला, आणि सपोर्टला फोन मला.

हिशेबवही ताई, यावरचा उपाय तुम्ही रोज हातात धरता. तुमचं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन. त्यात खाजगी किल्ली असते ती टोकनाबाहेर येत नाही. तुम्ही सही करता, आणि ती खरी आहे का हे सार्वजनिक किल्लीने कुणीही तपासू शकतं, पण तशी सही दुसरा कुणी करू शकत नाही. लायसनचंही तेच. मी एका छोट्या फाइलमध्ये लिहितो: अमुक संस्था, अमुक मशीन, अमुक तारखेपर्यंत. तिच्यावर माझ्या खाजगी किल्लीने सही. विकलेल्या प्रोग्राममध्ये फक्त सार्वजनिक किल्ली. आता झेरॉक्सवाल्याने प्रोग्राम उभा-आडवा चिरला तरी त्याला तपासणी सापडेल, सही करणारा हात सापडणार नाही.

अडचण एकच, सही लांब असते. एड25519 या सहीच्या पद्धतीत सही 64 बाइटची, म्हणजे टाइप करायची तर शंभराच्या वर अक्षरं. सरपंचाला फोनवर शंभर अक्षरं सांगून बघा. विंडोजची 25 अक्षरं सांगतानाच जीव जातो, आणि त्यांनी तर विचार करून 24 च चिन्हं निवडली होती: स्वर नाहीत, शून्य नाही, एक नाही. तरी आमच्याकडे 'बी म्हणजे बदकातला की भाकरीतला' हे व्हायचंच. म्हणून हल्ली लहान की ही नुसती पावती. ती एकदा सर्व्हरला दाखवायची, सर्व्हर सही केलेली फाइल देतो. जिथे नेट नाही तिथे मशीन पडद्यावर क्यूआर दाखवतं, सचिव मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲप करतो, उलट फाइल येते, ती केबलने मशीनवर.

खटपट्या

आणि पॅच करणाऱ्याचं काय? सही तपासायची ओळच उडवली तर?

दुधखुळा

तेच सांगणार होतो. त्यावर औषध नाही. शेवटी सगळं एका निर्णयावर येतं: सही जुळली तर पुढे, नाहीतर मागे. इंटेलच्या मशीन कोडमध्ये '74' हा बाइट म्हणतो समान असेल तर उडी मार. तिथे '75' घातलं की समान नसेल तर उडी मार. एका बाइटच्या बदलात माझी सगळी विद्या पाण्यात. सहीमुळे खोट्या की बनायच्या थांबतात, फोडलेला प्रोग्राम थांबत नाही. एका अभियांत्रिकीच्या पोराने माझा प्रोग्राम असाच फोडला. मी त्याला नंतर नोकरीवर घेतलं, तो आता माझ्याच तपासण्या लिहितो.

पण माझी सर्वांत मोठी चूक ढिलाईची नव्हती, कडकपणाची होती. मशीनची ओळख मी मदरबोर्ड, डिस्क आणि नेटवर्क कार्ड या तिन्हींवरून घ्यायचो, तिन्ही जुळलीच पाहिजेत. एका जूनमध्ये कुठेशी वीज पडली, एका केंद्राचं नेटवर्क कार्ड जळलं, मेकॅनिकने दुसरं टाकलं. पहाटे साडेपाचला मशीन चालू केलं तर 'हे लायसन या संगणकाचं नाही'. बाहेर चाळीस माणसं किटल्या घेऊन उभी, पाऊस, आणि दूध थांबत नाही. सचिवाने फोनवर मला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहीत नाही, पण एकही चुकीची नव्हती. त्याने पैसे भरले होते. झेरॉक्सवाल्याकडची की घेणाऱ्याचं त्या दिवशी दूध व्यवस्थित मोजलं गेलं.

तेव्हापासून तीनपैकी दोन खुणा जुळल्या तरी चालतं, आणि एकही जुळली नाही तरी 15 दिवस काम थांबत नाही, फक्त वर पिवळी पट्टी येते. संकलन तर कधीच बंद होत नाही. बंद होतं ते नवीन दरतक्ता घेणं. दर बदलला की बुडवे स्वतःहून फोन करतात.

बोरूबहाद्दर

आणि उद्या तुम्ही धंदा बंद केलात तर? सही करणारा हातच नसेल.

दुधखुळा

मर्मावर बोट ठेवलंत. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट 2 चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत आणि सिरियल नंबर साइटवर ठेवले. जानेवारी 2013 ची गोष्ट. लोकांना वाटलं फोटोशॉप फुकट झालं, झुंबड उडाली. पण ज्याने पैसे दिले त्याला वाऱ्यावर सोडलं नाही हे मला आवडलं. मीही कुणालाच न बांधलेली, मुदत नसलेली एक फाइल सही करून बायकोच्या लॉकरमध्ये पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. तिला सांगितलंय, माझं काही झालं तर ही सगळ्या केंद्रांना पाठव. ती म्हणाली, आधी विम्याचे कागद कुठे आहेत ते सांग.

खटपट्या

ताईंच्या मुद्द्यावर येऊ. तुमच्या पाच लॅपटॉपांची होमची की गेलेली नाही. विंडोज 8 पासून कंपन्या ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या कायमच्या चिपमध्ये, लिहून पाठवतात. होम कोरं चढवा, इन्स्टॉलर ती स्वतःच वाचतो आणि नेटला जोडलं की ॲक्टिव्हेट होतं. मात्र प्रोवरून होमवर नुसतं उतरता येत नाही, सगळं पुसावंच लागतं, आणि तुमच्या बाबतीत ते हवंच आहे. डेस्कटॉपवर आधी काय होतं?

हिशेबवही

दुकानदाराने 'टाकून दिलं' होतं.

चहाटळ

धाग्यात दोन मिनिटांची शांतता पाळावी.

खटपट्या

मग एक प्रश्न. घरून तुम्ही नेमक्या कुठल्या मशीनवर शिरता?

हिशेबवही

डेस्कटॉपवरच. टॅलीचा डेटा तिथे आहे.

खटपट्या

तर प्रो फक्त त्या एकालाच हवं होतं. ज्याच्यात शिरायचं त्याला प्रो लागतं, जिथून शिरायचं तिथे होम चालतं. सहा नव्हे, एक. अधिकृत रिटेल घ्या, बिल जीएसटीसह मागा, ते खर्चातही दाखवाल. मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. रिटेल असेल तर उद्या मदरबोर्ड गेला तरी दुसऱ्या मशीनवर नेता येतं. लॅपटॉपबरोबर आलेलं त्या बोर्डाबरोबरच जातं. आणि रिमोट डेस्कटॉप राउटरमधून थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका, व्हीपीएनमधून, म्हणजे खाजगी बंद वाटेने, या. तो वेगळा धागा होईल.

हिशेबवही

अपडेट. शनिवार-रविवार दोन दिवस बसून सहाही मशीन पुसली. पाच लॅपटॉपांनी होमची की खरंच स्वतः शोधली, मला काही टाइप करावं लागलं नाही. डेस्कटॉपला एक प्रो घेतलं, बिलासकट. पासवर्ड बदलले, अशिलांना फोन करून त्यांचेही बदलायला लावले. तो सगळ्यात अवघड भाग होता. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याचा पत्ता दिला, तो एका बंद मोबाइल दुकानाचा निघाला. पैसे अजून नाहीत.

त्याच फोटोसह त्याच मजकुराची जाहिरात आता दुसऱ्या नावाने आहे. जुन्या नावाचं पानही अजून दिसतं, त्यावर सगळ्यात वर पाच ताऱ्यांचा एक अभिप्राय आहे: 'एकदम जेन्युइन, पाच मिनिटांत ॲक्टिव्हेट, सपोर्ट फार छान.' पाडव्याच्या संध्याकाळी मीच लिहिला होता. काढायचा प्रयत्न करतेय, तर म्हणे मुदत संपली.